शाळेचं बालसुरक्षा धोरण अद्ययावत कसं ठेवायचं: शासन निर्णयापासून वर्गाच्या दारापर्यंत

काही वर्षांपूर्वी जूनमध्ये एका शाळेची बालसुरक्षा धोरणाची फाईल चाळत होते. पहिल्या पानावर अध्यक्षांची सही आणि शिक्का, आत नेटका मजकूर. तिसऱ्या पानावर ‘तक्रार आल्यास संपर्क’ अशी चौकट होती आणि तिच्यात दोन नावं. त्यातल्या बाई आदल्या वर्षी निवृत्त झाल्या होत्या. सर अतिरिक्त ठरून समायोजनात दुसऱ्या तालुक्यात गेले होते. दोघांचे नंबर मात्र जिन्यापाशी, मुलांना दिसतील अशा ठळक अक्षरांत लावलेले होते. एखाद्या मुलीनं धीर करून त्यातला एखादा नंबर फिरवला असता तर, हा विचार तेव्हापासून माझ्या मनातून गेलेला नाही.

मी बरीच वर्षं माध्यमिक शाळेत शिकवलं. आता शाळांना अशी धोरणं तपासून, दुरुस्त करून द्यायला मदत करते. ‘आमच्याकडे धोरण आहे’ हे वाक्य मला जवळपास प्रत्येक शाळेत ऐकायला मिळतं, आणि ते खरंही असतं. धोरण लिहिलं जातं एकदा, एखाद्या तपासणीच्या किंवा संलग्नतेच्या निमित्तानं. पुढे कायदा बदलतो, माणसं बदलतात, फाईल मात्र आहे तिथेच राहते. ती चालती कशी ठेवायची, याची कामाला येणारी पद्धत इथे मांडते. जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा असो की शहरातली मोठी इंग्रजी माध्यमाची, पद्धत तीच. फरक पडतो तो फक्त कामाच्या आवाक्यात.

गेल्या काही वर्षांत किती बदललं, ते आधी पाहू

मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ ला लागू झाला. २०१९ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि ९ मार्च २०२० पासून त्याचे नवे नियम आले. १ जुलै २०२४ ला भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेनं घेतली. पुढच्याच महिन्यात बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याची घटना उघडकीला आली, २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले आणि २१ ऑगस्ट २०२४ ला शालेय शिक्षण विभागानं विद्यार्थी सुरक्षेचा शासन निर्णय काढला. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. निवृत्त न्यायमूर्ती साधना जाधव आणि शालिनी फणसळकर-जोशी यांच्या नेतृत्वाखाली समिती नेमली गेली, आणि मे २०२५ मध्ये विभागाचा आणखी एक शासन निर्णय आला. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल सगळ्या शिक्षणसंस्थांना बंधनकारक निर्देश दिले. त्याच महिन्यात सीबीएसईनं आपल्या शाळांसाठी सीसीटीव्हीचे नियम बदलले.

म्हणजे २०१९ मध्ये मन लावून लिहिलेलं धोरणही आज निम्मं चुकीचं असू शकतं, आणि त्यात लिहिणाऱ्याचा काही दोष नाही.

आपली खरी अडचण वेगळीच आहे. इंग्लंडमध्ये शिक्षण खातं शाळांसाठी या विषयावर एकच मार्गदर्शक दस्तऐवज काढतं, बहुतेक दर वर्षी तो सुधारतं आणि नवी आवृत्ती १ सप्टेंबरपासून लागू होते. तिथल्या मुख्याध्यापकाला निदान कुठे पाहायचं हे ठाऊक असतं. आपल्याकडे पॉक्सो केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा, तपास गृह खात्याचा, तक्रारपेटी शालेय शिक्षणाची, स्कूल बस परिवहनाची, आश्रमशाळा आदिवासी विकासाची. हे सगळं एकत्र करून हातात देणारं कुणी नाही. ते काम शाळेलाच करावं लागतं, म्हणून पद्धत हवी.

पहिली पायरी: खरी प्रत कोणती, ते ठरवा

एका शाळेत एकाच धोरणाच्या चार प्रती सापडतात. एक कार्यालयातल्या फाईलमध्ये, एक संकेतस्थळावर, एक संलग्नतेच्या कागदपत्रांत, एक विद्यार्थ्यांच्या दैनंदिनीत छापलेली. चारींमध्ये फरक असतो. त्या सगळ्या टेबलावर मांडा, तारखा पाहा, आणि एकीवर ‘मूळ प्रत’ असं लिहा. तिला आवृत्ती क्रमांक आणि लागू झाल्याची तारीख द्या. बाकीच्या प्रती इथून पुढे हिच्यावरूनच निघतील. हे एका दुपारचं काम आहे.

दुसरी पायरी: प्रत्येक ओळीला तिचा उगम लावा

या लेखातलं एकच काम करायला वेळ असेल तर हे करा.

एक साधी वही घ्या, किंवा संगणकावर तक्ता करा. पाच रकाने आखा: धोरणातला मुद्दा, तो कशावरून आला, त्या मूळ आदेशाची तारीख, शाळेत हे काम कुणाकडे, शेवटचं कधी तपासलं. मग धोरण ओळीनं वाचत जा आणि प्रत्येक ठोस विधान या वहीत उतरवा.

‘सर्व कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठरावीक काळानं केली जाईल’ या ओळीचा उगम पॉक्सो नियम २०२० मधला नियम ३. तो नियम शिकवणारे-न शिकवणारे, कायम-कंत्राटी असा भेद करत नाही. काम कुणाकडे? मुख्य लिपिक. ‘शाळेत सखी सावित्री समिती (मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीची शाळेतली समिती) असेल’ याचा उगम १० मार्च २०२२ चा शासन निर्णय. ‘तक्रारपेटी दर्शनी भागात असेल’ याचा उगम ५ मे २०१७ चं परिपत्रक, ज्याची आठवण २०२४ च्या निर्णयात पुन्हा करून दिली आहे. ‘मुलांना शारीरिक शिक्षा वा मानसिक त्रास दिला जाणार नाही’ याचा उगम शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७. शाळेच्या बसमधल्या मदतनिसाची आणि शालेय परिवहन समितीची ओळ २०११ च्या राज्याच्या स्कूल बस नियमांवरून आलेली.

काही ओळींना उगम सापडणारच नाही. त्या कुठल्या तरी दुसऱ्या शाळेच्या धोरणातून उचललेल्या असतात. त्यातल्या चांगल्या असतील त्या ठेवा, पण उगमाच्या रकान्यात ‘शाळेचा स्वतःचा निर्णय’ असं प्रामाणिकपणे लिहा. बाकीच्या काढून टाका.

या वहीचा उपयोग पुढे कळतो. उद्या २०२० चे नियम बदलले तर सगळं धोरण नव्यानं वाचायची गरज नाही. वहीत ‘पॉक्सो नियम २०२०’ कुठे कुठे आहे ते बघायचं आणि तेवढ्याच ओळींना हात घालायचा. ही वही नसेल, तर प्रत्येक नव्या आदेशानंतर शेवटी एक पान जोडायची सवय लागते. धोरण जाड होत जातं आणि आतली पानं एकमेकांच्या विरोधात बोलू लागतात.

तिसरी पायरी: कागदाचं वजन ओळखा

आलेला प्रत्येक कागद सारखा नसतो. संसदेचा कायदा आणि त्याखालचे नियम सगळ्यांवर बंधनकारक. न्यायालयाचे निर्देशही बंधनकारक, पण ते कुणाला उद्देशून आहेत हे वाचावं लागतं. शासन निर्णय आणि परिपत्रकं सरकारी, अनुदानित, खासगी यांपैकी कोणत्या शाळांना लागू आहेत हे त्यांच्यातच लिहिलेलं असतं. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या २०२१ च्या शालेय सुरक्षा मार्गदर्शक सूचना वेगळ्या. त्यांत शाळा व्यवस्थापनाची जबाबदारी निश्चित केलेली आहे आणि राज्यांना त्या आपल्या गरजेप्रमाणे स्वीकारायला सांगितलं आहे. आणि मंडळाचे नियम फक्त संलग्न शाळांना.

हे न ओळखल्यानं दोन प्रकारच्या चुका होतात. विधेयकालाच कायदा समजून धोरणात लिहिणं ही एक. महिला व मुलांवरच्या अत्याचारांना कडक शिक्षा सुचवणारं महाराष्ट्राचं शक्ती विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळात मंजूर झालं, पेढे वाटल्यासारख्या बातम्या आल्या, आणि ‘शक्ती कायद्यानुसार कारवाई होईल’ हे वाक्य मी धोरणांमध्ये वाचलं आहे. त्या विधेयकाला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही, ते कधी अमलात आलंच नाही. दुसरी चूक उलट्या बाजूची: ‘ही तर फक्त मार्गदर्शक सूचना’ म्हणून बंधनकारक निर्देश बाजूला ठेवणं. जुलै २०२५ चे मानसिक आरोग्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयानं, कायदा होईपर्यंत पाळायचे म्हणून दिले आहेत. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता, कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण, आणि दर वर्षी तपासलं जाणारं मानसिक आरोग्य धोरण. शंभराहून कमी मुलं असतील तर बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी. तालुक्याच्या गावी समुपदेशक मिळत नाही ही अडचण खरी आहे. तरीही धोरणात ‘लागू नाही’ लिहिता येणार नाही. काय केलं आणि काय बाकी आहे, ते लिहावं लागेल.

चौथी पायरी: बदल कळण्याची जबाबदारी एका माणसावर टाका

आज बहुतेक शाळांना शासन निर्णय कळतो तो केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर, शंभर इतर संदेशांच्या गर्दीत. त्यातले काही अर्धवट असतात, काही जुने, काही चक्क खोटे. म्हणून एक शिक्षक किंवा लिपिक नेमा, नावानिशी, लेखी. त्याच्या वेळापत्रकात आठवड्याला एक तास मोकळा ठेवा. तास न देता जबाबदारी दिली तर काम होत नाही, हा माझा प्रत्येक शाळेतला अनुभव आहे.

त्यानं काय करायचं? राज्य शासनाच्या संकेतस्थळावर शासन निर्णयांच्या विभागात जाऊन आठवड्यातून एकदा ‘शालेय शिक्षण व क्रीडा’ आणि ‘महिला व बालविकास’ ही दोन खाती पाहायची. निवासी शाळा असेल तर आदिवासी विकास किंवा सामाजिक न्याय हेही. व्हॉट्सॲपवर आलेल्या शासन निर्णयावरचा संगणक संकेतांक बघायचा. अठरा आकड्यांच्या या संकेतांकाची सुरुवात तारखेनं होते. तो टाकून संकेतस्थळावर मूळ प्रत सापडली तरच कागद खरा मानायचा. शिवाय महिन्यातून एकदा आपल्या मंडळाची परिपत्रकं आणि राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाच्या सूचना. मिळालेला प्रत्येक कागद आवक नोंदवहीत चढवायचा. ‘आम्हाला कळलंच नाही’ आणि ‘आम्हाला अमुक तारखेला कळलं आणि तमुक तारखेला आम्ही हे केलं’ यात चौकशीच्या वेळी फार अंतर पडतं.

पाचवी पायरी: आदेश वाचताना ‘सोमवारी सकाळी काय बदलेल’ असं विचारा

शासन निर्णयाची प्रस्तावना लांब असते. ती वाचाच, कारण आधीच्या कोणत्या आदेशांना हात लागला ते ‘संदर्भ’ म्हणून तिथेच दिलेलं असतं. मग प्रत्येक मुद्द्यापुढे चार गोष्टी लिहा: कोण करेल, किती दिवसांत, कशावरून सिद्ध होईल, आणि धोरणातली कोणती जुनी ओळ यामुळे चुकीची ठरते.

२१ ऑगस्ट २०२४ चाच निर्णय घेऊ. खासगी शाळांनी महिन्याच्या आत सीसीटीव्ही बसवायचे, हे सगळ्यांच्या लक्षात राहिलं. कॅमेरे विकत घेतले, पैसे दिले, काम झालं. त्याच निर्णयात मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीन वेळा चित्रण तपासायचं, असंही आहे. ही ओळ मी फार थोड्या धोरणांत पाहिली. कोण तपासतं? मुख्याध्यापक रजेवर असतील तेव्हा? तपासल्याची नोंद कुठे? चित्रण बघायचा अधिकार आणखी कुणाला आहे आणि कुणाला नाही? मुलांचं चित्रण ज्याच्या मोबाईलवर उघडतं, तो माणूसही धोरणाच्या कक्षेत यायला हवा. कॅमेरा पुरवणाऱ्या दुकानदाराकडे पासवर्ड आहे का, हेही विचारा. सीबीएसई शाळांना किमान १५ दिवसांचं चित्रण जपावं लागतं. राज्य मंडळाच्या शाळेनंही किती दिवस जपणार ते आकड्यात लिहावं. ‘पुरेसा काळ’ असं लिहू नका.

त्याच निर्णयात सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी शक्यतो महिला कर्मचारी असाव्यात, असं म्हटलं आहे. इथे धोरणापेक्षा वेळापत्रक बदलायला लागतं. बालवर्गाच्या मावशी सुटीवर असतात त्या दिवशी मुलींना स्वच्छतागृहात कोण नेतं? हा प्रश्न बैठकीत विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत पुढच्या विषयाकडे जाऊ नका.

काही बदल नुसते शब्दांचे दिसतात. भारतीय दंड संहितेचं कलम ३५४ आता न्याय संहितेत ७४ आहे, ३५४-ड म्हणजे पाठलागाचं कलम ७८ झालं आहे. हे बदलाच, पण माझा सल्ला असा की शाळेच्या धोरणात कलमांची जंत्री शक्य तितकी कमी ठेवा. शिक्षकाला कलम ठरवायचं नसतं, ते पोलीस ठरवतात. शब्दाचा असाच एक बदल मात्र मला महत्त्वाचा वाटतो. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ‘चाइल्ड पोर्नोग्राफी’ हा शब्द वापरू नये, कारण त्यानं गुन्ह्याचं गांभीर्य कमी होतं. ते मुलांच्या लैंगिक शोषणाचं साहित्य आहे आणि तसंच म्हणावं. मोबाईल-संगणक वापराच्या भागात हा शब्द शोधा आणि बदला.

मुलांच्या मदतीसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनचंही असंच. नंबर तोच आहे, पण फोन उचलणारी व्यवस्था बदलली. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली चाइल्डलाइन जिल्ह्याजिल्ह्यांत स्वयंसेवी संस्थांमार्फत चालायची. २०२३ मध्ये ती शासनाच्या व्यवस्थेत गेली आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली गेली. तुमच्या फलकावर १०९८ शेजारी जुन्या भागीदार संस्थेचा स्थानिक नंबर असेल, तर तो लागतो का ते आजच पाहा.

सहावी पायरी: माहिती देण्याचं पान आधी दुरुस्त करा

सगळं धोरण एका दिवसात सुधारणार नाही. मग सुरुवात कुठून? मी नेहमी त्या पानापासून करते, जिथे ‘मूल काही सांगतं, पुढे काय’ लिहिलेलं असतं. सर्वांत गंभीर चुका तिथेच असतात आणि त्यांची किंमत मूल मोजतं.

मी वारंवार पाहिलेला मजकूर साधारण असा: ‘तक्रार प्राप्त झाल्यावर अंतर्गत समिती चौकशी करून तथ्य आढळल्यास मुख्याध्यापक २४ तासांत योग्य त्या यंत्रणेस कळवतील.’ वाचायला शिस्तीचं वाटतं, पण यातला जवळजवळ प्रत्येक शब्द कायद्याच्या विरुद्ध जातो.

पॉक्सोचं कलम १९ म्हणतं की गुन्हा घडल्याची माहिती असलेल्या, किंवा घडेल अशी भीती वाटणाऱ्या कोणत्याही व्यक्तीनं विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना ती माहिती द्यायची. ‘तथ्य आढळल्यास’ ही अट तिथे नाही. तथ्य शोधणं हे तपास यंत्रणेचं काम आहे. शाळेच्या समितीनं मुलीला बोलावून पुन्हा पुन्हा विचारलं, आरोपीला समोर बसवलं, तर मुलीला नव्यानं इजा होते आणि पुरावाही बिघडतो. माहिती न देणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही, तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. सद्हेतूनं माहिती देणाऱ्याला मात्र कायद्याचं संरक्षण आहे, आणि हे वाक्य धोरणात ठळक हवं, कारण शिक्षक बोलायला बिचकतात ते नेमक्या याच भीतीनं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलींच्या प्रकरणात, माहिती न देणाऱ्या डॉक्टरविरुद्धची कारवाई सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२२ मध्ये पुन्हा उभी केली. वेळेवर कळवण्याला किती महत्त्व आहे, हे त्या निकालात स्पष्ट आहे.

आता त्या ‘२४ तासां’बद्दल, कारण सर्वांत मोठा घोळ इथेच आहे. पॉक्सोमध्ये २४ तासांची मुदत आहे ती पोलिसांना: त्यांनी बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवण्यासाठी. २०२४ च्या शासन निर्णयातही २४ तास आहेत, ते शाळेनं शिक्षणाधिकाऱ्यांना कळवण्यासाठी. शाळेनं पोलिसांना कळवायला एक दिवस थांबावं, असं या दोन्हींत कुठेही म्हटलेलं नाही. पोलिसांना लगेच. शिक्षणाधिकाऱ्यांना २४ तासांच्या आत. या दोन वेगळ्या ओळी आहेत. शिक्षणाधिकाऱ्यांना पत्र दिलं म्हणजे पोलिसांना कळवलं असं होत नाही, आणि संस्थेच्या अध्यक्षांची परवानगी तर कशासाठीच लागत नाही.

नवा मजकूर असा लिहिता येईल, आपल्या शाळेप्रमाणे नावं घालून:

‘मुलानं सांगितलेलं शांतपणे ऐका. जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत, वेळ लिहून, नोंदवा. “कुणाला सांगणार नाही” असं वचन देऊ नका. जास्तीचे प्रश्न विचारू नका. त्याच दिवशी, त्याच तासाला बालसुरक्षा समन्वयकांना (नाव, नंबर) किंवा मुख्याध्यापकांना सांगा. ते पोलीस ठाण्याला (नंबर) किंवा ११२ वर तत्काळ माहिती देतील आणि दिल्याची नोंद तुम्हाला दाखवतील. ते उपलब्ध नसतील, टाळत असतील, किंवा तक्रार त्यांच्याचबद्दल असेल, तर तुम्ही स्वतः पोलिसांना कळवा. त्यासाठी कुणाच्याही परवानगीची गरज नाही. मुलाचं नाव कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवर किंवा इतरत्र कुठेही टाकू नका.’

शेवटून तिसरं आणि दुसरं वाक्य काढा, असा आग्रह संस्थाचालक हमखास धरतात. ती काढू नका.

याच पानावर मुलाचे आणि पालकांचे हक्कही लिहा. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं नोंदवायचा असतो. पोलिसांनी गणवेशात यायचं नसतं. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात थांबवता येत नाही. हे शाळेला माहीत असेल तर घाबरलेल्या आईला त्या दिवशी आधार देता येतो.

आणखी एक गल्लत: दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी २०१३ च्या कायद्यानं असणारी अंतर्गत समिती ही महिलांच्या कामाच्या ठिकाणच्या छळाच्या तक्रारींसाठी आहे. मुलांच्या प्रकरणाची चौकशी तिच्याकडे सोपवायची नसते.

सातवी पायरी: मंजुरीसाठी मुलांना थांबवू नका

धोरण बदलायला शाळा व्यवस्थापन समितीचा किंवा संस्थेच्या कार्यकारिणीचा ठराव लागतो आणि बैठक तीन महिन्यांनी असते. यावर उपाय धोरणातच ठेवा: ‘कायदा, नियम, न्यायालयाचा निर्देश किंवा शासन आदेश यांमुळे आवश्यक ठरणारा बदल मुख्याध्यापक आदेश मिळताच लेखी सूचनेनं लागू करतील आणि पुढच्या बैठकीत तो मंजुरीसाठी ठेवतील.’ हे एक वाक्य असलं की काम अडत नाही. नावं आणि फोन नंबर तर मूळ मजकुरात नकोतच. ते एका स्वतंत्र पानावर ठेवा, ज्याला ठराव लागत नाही. बदली, निवृत्ती, रजा झाली की त्याच दिवशी पान बदलायचं.

इतिवृत्तात ‘धोरणावर चर्चा झाली, मंजूर’ एवढंच नको. कोणती ओळ गेली, कोणती आली, कोणत्या आदेशामुळे, हे लिहा.

आठवी पायरी: माणसांपर्यंत नेणं

बदललेलं धोरण शिक्षकांच्या ग्रुपवर टाकलं आणि सगळ्यांनी अंगठा दाखवला, याला पोहोचवणं म्हणत नाहीत. बदल झाला की वीस मिनिटांची बैठक घ्या, फक्त त्या बदलावर. मावशी, शिपाई, पहारेकरी, पोषण आहार शिजवणाऱ्या ताई, व्हॅनवाले काका यांना वेगळं बसवा आणि वाचून दाखवण्यापेक्षा प्रसंग सांगून विचारा: ‘काका, शेवटच्या थांब्याला एकच मुलगी उरली आणि ती रडायला लागली, तर?’ मुलं सगळ्यांत आधी बोलतात ती पुष्कळदा याच माणसांशी. हे मी तर्कानं म्हणत नाही, शाळेत पाहिलं आहे.

मुलांसाठी एक पान, त्यांच्या भाषेत. आपल्याकडे भाषा म्हणजे नुसती मराठी नव्हे. ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या, पावरी किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलांच्या, हिंदी पट्ट्यातून आलेल्या कुटुंबांच्या शाळांत ते पान त्या त्या बोलीतही तोंडी सांगायला हवं. परिपाठात महिन्यातून एकदा, पाच मिनिटं. पालकांना जूनच्या पहिल्या सभेत.

कर्मचाऱ्यांच्या सह्या घ्या, पण सहीशेजारी त्यांनी काय समजलं ते एका वाक्यात लिहून घ्या. त्या वाक्यांवरून कळतं, आपण कुठे नीट सांगितलं नाही.

नववी पायरी: जुनी आवृत्ती फेकू नका

प्रकरणं उशिरा पुढे येतात. आठवीतली मुलगी सहावीतलं सांगते. त्या वेळी शाळेत कोणतं धोरण लागू होतं, कुणाला प्रशिक्षण दिलं होतं, हे तपासात विचारलं जाईल. १ जुलै २०२४ च्या आधी घडलेल्या गुन्ह्याला जुनीच दंड संहिता लागते, तसंच हे. प्रत्येक आवृत्ती, तिच्या लागू असण्याच्या दोन्ही तारखांसह, जपून ठेवा. मागच्या तारखेनं काहीही बदलू नका.

मुलांची नावं असलेल्या नोंदी मात्र धोरणाच्या फाईलमध्ये नकोत. त्या कुलपात, किल्ली दोघांकडेच. मुलांच्या वैयक्तिक माहितीबद्दल २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यांतल्या तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. वहीत त्यांच्यासाठी आत्ताच एक ओळ ठेवा: प्रवेश अर्ज, छायाचित्रं, कॅमेऱ्याचं चित्रण, शाळेचं ॲप.

वर्षाचं वेळापत्रक

मे महिन्याच्या सुटीत पूर्ण वाचन, उगमाच्या वहीसह. जूनमध्ये शाळा भरण्याच्या आधी नव्या नेमणुका आणि कंत्राटदारांची पडताळणी, मग कर्मचाऱ्यांची बैठक. दिवाळीच्या सुटीनंतर दुसरा फेरा, फक्त बदललेल्या मुद्द्यांवर. जानेवारीत समित्यांची तपासणी: सखी सावित्री समिती, विद्यार्थी सुरक्षा समिती, परिवहन समिती खरोखर भेटतात का, इतिवृत्त आहे का, तक्रारपेटीची किल्ली कुणाकडे आहे आणि ती शेवटची कधी उघडली.

आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी एक काम, ज्याला पाच मिनिटं लागतात. शाळेतला फोन हातात घ्या, मुलांच्या फलकासमोर उभ्या राहा आणि तिथला शाळेतला प्रत्येक नंबर लावून बघा. कोण उचलतं, किती वाजता उचलतं, ‘मला कुणाशी तरी बोलायचंय’ म्हटल्यावर पलीकडून काय उत्तर येतं, ते वहीत लिहा. फलक ज्या उंचीवर लावलाय, तिथे दुसरीतल्या मुलाची नजर पोहोचते का, तेही त्याच वेळी पाहून घ्या.